बोअरच्या लॉगवरून जमिनीतल्या लहरींचा वेग काढायचाय, पण सोनिक लॉगच नाही!

केळीची वही
नमस्कार मंडळी. इथे पाककृतींचे आणि प्रवासाचे धागे जास्त चालतात हे माहीत आहे. पण मागे 'विहीर आटली' या धाग्यावर बरेच जाणकार दिसले होते, म्हणून विचारायचं धाडस करतेय.

मी भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे, शेवटचं वर्ष. गाव यावल तालुक्यात. मामांच्या केळीच्या बागेत तीन वर्षांपूर्वी नवीन ट्यूबवेल झाली, १३० मीटर. सगळी तापीच्या गाळाची जमीन, रोटरीने मारलेली. पाइप टाकायच्या आधी लॉगिंगवाल्याला (बोअरमध्ये यंत्र सोडून खोलीप्रमाणे नोंद, म्हणजे लॉग, घेणाऱ्याला) बोलावलं होतं, म्हणजे जाळीचा पाइप कुठे आणि साधा कुठे ते ठरवता येतं. त्याने दिलेली कागदाची लांबलचक पट्टी मामांनी पासबुकांच्या पिशवीत जपून ठेवलीय. त्यावर दोनच रेषा आहेत, नैसर्गिक गामा (मातीतला किरणोत्सर्ग, चिकणमातीत जास्त) आणि रेझिस्टिव्हिटी (जमीन विजेला किती अडवते). सोनिक नाही, घनता नाही.

माझा प्रबंध आहे उथळ सिस्मिक सर्व्हेवर. घण मारायचा, परत आलेल्या लहरी जिओफोनवर नोंदवायच्या आणि खाली चिकणमाती किती, वाळू किती ते शोधायचं. पण नोंद मिळते मिलिसेकंदात, आणि मला हवेत मीटर. त्यासाठी जमिनीतला वेग पाहिजे. सर म्हणाले, "रेझिस्टिव्हिटी आहे ना? फाउस्टचं सूत्र लाव." लावलं. १०० मीटरवरच्या वाळूच्या थराची रेझिस्टिव्हिटी २० ओहम-मीटर आहे, तिथे वेग आला २.५७ किलोमीटर प्रति सेकंद. पुस्तकात मात्र पाण्याने भरलेल्या सुट्या वाळूला दीड ते दोन दिलाय. विश्वास कोणावर ठेवू?

धुळेकर भो
ते सर्व जाऊ दे. पानी कितलं लागनं ते सांग नं भो!

केळीची वही
@धुळेकर भो, साडेसात हॉर्सपॉवरची मोटर चालते एवढं. आणि मी भो नाही, ताई आहे :)

धुळेकर भो
माफ करा ताई. आमच्याकडे सगळेच भो.

अंकलेश्वर रिटर्न
ताई, सव्वीस वर्षं लॉगिंगच्या ट्रकवर काढून आता भुसावळला निवांत बसलोय. असा प्रश्न मराठीत कोणी विचारील असं वाटलं नव्हतं. जरा लांब लिहितो.

आधी सोनिक म्हणजे काय ते बाकीच्यांसाठी. बोअरमध्ये एक लांब नळी सोडतात. तिच्या एका टोकाला 'टिक' करणारा, दुसऱ्या बाजूला ऐकणारे. आवाज खडकातून एक फूट जायला किती मायक्रोसेकंद लागले ते खोलीप्रमाणे कागदावर उमटतं. वेग हवा असेल तर ३०४.८ ला त्या आकड्याने भागायचं, उत्तर किलोमीटर प्रति सेकंदात. आम्हाला रात्री दोनला झोपेतून उठवलं तरी तोंडपाठ असायचं: चुनखडक ४७.५, डोलोमाइट ४३.५, वाळूचा खडक ५५ च्या आसपास, पाणी १८९.

सोनिक नसेल तर दुसऱ्या लॉगवरून अंदाज बांधायचा, आणि इथेच सगळी गंमत आहे. फाउस्टने १९५१ आणि १९५३ मध्ये जी सूत्रं दिली त्यांचा गाभा एकच. खडक जितका खोल, तितका दाबलेला, तितका वेगवान. १९५३ मध्ये त्यात त्याने रेझिस्टिव्हिटी घातली. कारण घट्ट खडकात पोकळी कमी, पोकळी कमी म्हणून पाणी कमी, पाणी कमी म्हणून वीज अडते. खोली गुणिले रेझिस्टिव्हिटी, त्याचं सहावं मूळ, त्याला एक स्थिरांक. खोली किलोमीटरमध्ये आणि रेझिस्टिव्हिटी ओहम-मीटरमध्ये घेतली तर स्थिरांक २.२९ च्या जवळ. तुम्ही हेच केलंय, तुमचा गुणाकार बरोबर आहे.

चूक गुणाकारात नाही, पाण्यात आहे. तेलक्षेत्रातल्या खडकात खारं पाणी असतं. तिथे रेझिस्टिव्हिटी वाढली तर पोकळी कमी झाली असं धरता येतं. तुमच्या यावलला गोडं पाणी. गोडं पाणी स्वतःच विजेला अडवतं, वाळू कितीही सुटी असो. फाउस्टला वाटतं, आला दगड!

मुक्ताईचा वारकरी
काकांचं एकदम पटलं, कारण आमच्याकडे उलटी तऱ्हा. मुक्ताईनगरहून पूर्णेच्या अंगाने वर विदर्भात गेलं की खारपाण पट्टा लागतो. तिथल्या बोअरचं पाणी गुरंसुद्धा तोंड वाकडं करून पितात. तिथे रेझिस्टिव्हिटी २ ओहम-मीटर मिळाली तर?

अंकलेश्वर रिटर्न
@मुक्ताईचा वारकरी, करून बघू. खोली तीच, १०० मीटर. रेझिस्टिव्हिटी २. उत्तर १.७५. म्हणजे वाळू तीच, खोली तीच, पोकळी तीच, फक्त पाणी खारं झालं आणि वेग २.५७ वरून १.७५ वर आला. लहरीला पाण्याच्या चवीशी काय देणंघेणं? फार तर दोन-चार टक्के फरक पडेल.

प्रश्नांकित
बाळबोध शंका. वेगाची एवढी उस्तवार कशासाठी? थोडा इकडेतिकडे झाला तर काय बिघडलं?

केळीची वही
@प्रश्नांकित, लहर पाण्याच्या पातळीपासून खालच्या थरापर्यंत जाऊन ६० मिलिसेकंदात परत आली असं धरा. जाऊन-येऊन आहे, म्हणून एका बाजूचे ३०. वेग १.७ धरला तर थर पाण्याच्या पातळीखाली ५१ मीटर, २.५७ धरला तर ७७. सव्वीस मीटरचा फरक! त्या सव्वीस मीटरचे पाइप, ड्रिलिंग आणि मामांच्या शिव्या कोण भरणार?

साक्रीची सून
मी या गाळाच्या भानगडीत नाही, आमच्याकडे सगळा काळा पाषाण. पण सूत्रांनी कसं फसवलं ते सांगते. नवरा पवनचक्क्यांच्या पायाभरणीच्या कामावर होता. तिथे एका सल्लागाराने खडकाच्या नमुन्याच्या घनतेवरून वेग काढून दिला होता, गार्डनरच्या सूत्राने. घनतेला ०.३१ ने भागायचं आणि चौथा घात घ्यायचा, उत्तर मीटर प्रति सेकंदात. घनता २.८५. तुम्हीच करून बघा.

अंकलेश्वर रिटर्न
७१४० च्या आसपास. हा हा हा! सात किलोमीटर प्रति सेकंद म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या पार तळाशी गेलात की वहिनी.

साक्रीची सून
तेच तर! अखंड बेसॉल्टला, म्हणजे आमच्या काळ्या पाषाणाला, पाच ते सहा मिळतो असं नंतर कळलं. बरं, सल्लागाराने दशांशानंतर तीन आकडे लिहिले होते, म्हणून कोणाला शंका आली नाही.

तापीकाठचा
गार्डनरबद्दल जरा न्यायाने बोलू या. १९७४ च्या त्या लेखात (लेखक तीन, त्यात दोन गार्डनर!) त्यांनी गाळाच्या खडकांची सरासरी रेघ काढली होती. वाळू, शेल, चुनखडक असं सगळं एकत्र. बेसॉल्ट त्यांच्या गावीही नव्हता. बेसॉल्टमध्ये लोहमॅग्नेशियमची खनिजं, म्हणून वजन जास्त, पण वजन वाढलं म्हणून ताठरपणा त्या रेघेप्रमाणे वाढत नाही. चौथा घात असल्याने घनतेतली छोटी चूक वेगात चौपट होते. १ टक्का चुकलात की ४ टक्के.

विहीरवाला
आमचा घरचा धंदा विहिरी खोदायचा, आजोबांपासून. तुम्ही सगळे 'बेसॉल्ट' एकच समजून बोलताय. पाषाण एक नसतो. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग कठीण काळा, मग लाल गेरूचा पट्टा, परत मांजऱ्या, परत काळा. मांजऱ्याला भोकं भोकं, त्यात पांढरं-हिरवं भरलेलं. पहार मारली की आवाजच वेगळा. काळ्यावर 'टण्ण', मांजऱ्यावर 'थप्प', गेरूवर पहार नुसती रुतते. माझे वडील आवाजावरून सांगायचे की सुरुंग किती भरायचा.

अंकलेश्वर रिटर्न
@विहीरवाला, तुमचे वडील सोनिक लॉगच करत होते की! टण्ण म्हणजे वेगवान, थप्प म्हणजे मंद. बेसॉल्टच्या बोअरचा सोनिक कागद पाहिला तर नेमकं हेच दिसतं. लाव्ह्याच्या प्रत्येक थराच्या मधल्या अखंड भागात रेघ सरळ, वरच्या भोकांच्या भागात ती मंद बाजूला झुकते, गेरूवर तर एकदम कोसळते. गेरूपाशी बोअरची भिंतही ढासळलेली असते, नळी नीट ऐकू शकत नाही आणि मधली एक टिक चुकते. मग कागदावर रेघ वेड्यासारख्या उड्या मारते. आम्ही त्याला सायकल-स्किप म्हणायचो. ते आकडे तसेच्या तसे वापरले की सगळं मुसळ केरात.

खापरावरचे मांडे
धागा वाचून डोकं गरगरलं, पण पहारीचा आवाज आवडला. आमच्याकडे बोअरची जागा शेजारच्या गावचा पाणाड्या बघतो, तळहातावर नारळ घेऊन. नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्याचा वेग किती येतो हो? :D

धुळेकर भो
नारळाचा माहीत नाही. पाणाड्याचा वेग पैसे घेतल्यावर फार वाढतो. बोअर कोरडी गेली की सापडतच नाही.

विहीरवाला
हसू नका. आमच्या भागातले काही पाणाडे झाडं, वारुळं, उतार सगळं बघतात, नारळ नुसता दाखवायला. एकाने तर नाल्यातला डाइक ओळखून बोअर त्याच्या वरच्या अंगाला मारायला सांगितली होती. पाणी भरपूर लागलं.

साक्रीची सून
हे मात्र खरं. धुळे-नंदुरबारकडे डाइक ढिगाने आहेत, जमिनीतून काळी भिंत बांधत नेल्यासारखे, बरेचसे पूर्व-पश्चिम. वरचं पाणी अडवून धरतात.

प्रश्नांकित
दुसरी बाळबोध शंका. एवढा पाषाण, त्याच्याखाली काय आहे? खानदेशात तेल-बिल आहे का?

अंकलेश्वर रिटर्न
तेल आहे. शेवभाजीवर तर्री बघा.

गंभीरपणे सांगायचं तर पाषाणाखाली काय आहे हा प्रश्न जुना आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, नर्मदा-तापीच्या पट्ट्यात मोठमोठे स्फोट करून खोल सिस्मिक सर्व्हे केले होते. एक रेघ तर सेंधव्यावरून खाली खानदेशात उतरत होती. त्यावरून कैला यांनी १९८८ मध्ये मांडलं की दख्खनच्या पाषाणाखाली मेसोझोइक (डायनोसॉरच्या) काळातल्या गाळाचं खोरं दडलेलं आहे.

'दडलेलं' हा शब्द नेमका आहे. अपवर्तनाच्या सर्व्हेत खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान असेल तरच त्याच्यावरून लहर वळून परत येते. इथे वर पाच-साडेपाचचा बेसॉल्ट आणि खाली त्याच्यापेक्षा मंद गाळाचा खडक. लहर खाली वाकून निघून जाते, परत येतच नाही. नोंदीत फक्त एक खिंडार दिसतं, पहिल्या लहरी अचानक उशिरा यायला लागतात. खालच्या थराचा वेग काय ते त्या नोंदीतून थेट मिळत नाही, आणि वेग नाही तर जाडीही नाही. तिथे बोअर आणि तिच्यातला सोनिक लॉग याला पर्याय नाही. तो नसेल तर गृहीत धरायचं.

तापीकाठचा
पाषाणाच्या आरपार बोअरी फार कमी आहेत ना? किल्लारीच्या भूकंपानंतर मारलेली ६१७ मीटरची, तिथे ३३८ मीटरवर पाषाण संपला. आणि कोयनेच्या.

अंकलेश्वर रिटर्न
हो. कोयनेची पहिली १५२२ मीटर, त्यात ९३३ मीटर पाषाण. नंतर गोठण्याची ३०१४ मीटर, त्यात १२४७. दोन्हीकडे पाषाणाखाली थेट ग्रॅनाइट-नाइस, मधे गाळ नाही. त्यामुळे तिथले आकडे उचलून इथे लावू नका. एक मात्र शिकण्यासारखं आहे, अशा बोअरींत लॉग आणि गाभ्याचे नमुने दोन्ही असतात. कोणत्या थराला कोणता वेग ते नमुना हातात धरून सांगता येतं.

अमळनेरचा मास्तर
मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो, खडकांतलं कळत नाही. पण ताईंच्या मूळ प्रश्नाकडे परत येऊ या का? रेझिस्टिव्हिटी बाजूला ठेवा. सुटी वाळू म्हणजे पाण्यात ठेवलेले दाणे. पोकळी ३५ टक्के धरतो.

वायलीचं १९५६ चं सूत्र म्हणजे वेळेची बेरीज. लहर ३५ टक्के अंतर पाण्यातून (१.५) आणि ६५ टक्के क्वार्ट्झमधून, म्हणजे वाळूच्या दाण्यांतून (५.५) गेली असं धरायचं. उत्तर येतं २.८५. फाउस्टपेक्षाही जास्त!

आता वुडचं जुनं सूत्र, गढूळ पाण्यासाठीचं. दाणे एकमेकांना धरून नाहीत, नुसते तरंगताहेत असं समजायचं. मग वेळा नाही, दबण्याची क्षमता बेरजेत घ्यायची. ती म्हणजे दाबाला होणाऱ्या विरोधाचा व्यस्त; हा विरोध पाण्याचा २.२५ आणि क्वार्ट्झचा ३७ गिगापास्कल, मिश्रणाची घनता २.०७. उत्तर १.६७.

खरं उत्तर या दोघांच्या मधे असणार, आणि माझ्या मते वुडच्या बरंच जवळ. १०० मीटरवरची वाळू अजून दगड झालेली नाही.

तापीकाठचा
मास्तर, सुंदर. वायलीचं सूत्र घट्ट खडकांसाठी आहे. सुट्या वाळूसाठी त्यात वेगळी दुरुस्ती लावतात, ती लोक विसरतात.

गिलाव्याचा उस्ताद
मी सिव्हिलवाला. आम्हाला पी-लहरीचा, म्हणजे तुम्ही इथे काढताय त्या दाबत जाणाऱ्या लहरीचा, वेग नको असतो, एस-लहरीचा, म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या लहरीचा, हवा असतो, वरच्या ३० मीटरची सरासरी. भूकंपात इमारत किती हलेल ते त्यावर ठरतं. १९३८ चा सातपुड्याचा भूकंप आठवा. पी वरून एस मिळेल का?

अंकलेश्वर रिटर्न
कास्टान्याची १९८५ ची रेघ आहे: पी बरोबर १.१६ गुणिले एस, अधिक १.३६. पण ती पाण्याने भरलेल्या गाळाच्या खडकांची. तुमचे वरचे ३० मीटर यावलला कोरडे, तिथे पी ०.५ ते ०.८. सूत्रात घातलात तर एस उणे येईल. तेवढा एक भूकंप होऊन जाऊ द्या, मग बघू :) एस-लहर तिथे मोजायचीच.

खापरावरचे मांडे
मोजायची असेल तर सगळे मिळून या ना यावलला. बामणोदची वांगी आणतो, भरीत आणि कळण्याची भाकरी. वेग जेवल्यावर काढू.

भरीतप्रेमी
बामणोदचं नाव काढलंत! पण भाजायला काट्याकुट्या नव्हे, कपाशीच्या पऱ्हाट्या हव्यात. गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणणाऱ्यांचं सदस्यत्व रद्द करा.

*(इथे पऱ्हाट्या विरुद्ध तुरीच्या काड्या यावरचे चौदा प्रतिसाद संपादकांनी 'भरीत' धाग्यावर हलवले आहेत.)*

अंकलेश्वर रिटर्न
मांडेसाहेबांचं म्हणणं विनोदाचं नाही. ताई, मामांच्या बोअरमध्ये हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, सोडा. वर घण मारा, दर पाच मीटरवर वेळ वाचा. आम्ही तेलाच्या विहिरीत हेच करतो, त्याला चेकशॉट म्हणतात. आणि हे सोनिक असलं तरी करतो! सोनिकची लहर १०-२० किलोहर्ट्झची, सिस्मिकची ५० हर्ट्झ वगैरे. दोघींचा वेग नेमका सारखा नसतो, शिवाय सोनिक फक्त बोअरच्या भिंतीलगतचे काही इंच ऐकतो. चेकशॉट घेऊन सोनिकला ओढूनताणून जागेवर आणावं लागतं.

केळीची वही
काका, मामा पंप काढू देणार नाहीत. ऐन उन्हाळ्यात तर नाहीच.

धुळेकर भो
मोटर जळायची वाट बघा. आमच्याकडचं व्होल्टेज बघता फार थांबावं लागणार नाही.

---

केळीची वही
*(अडीच महिन्यांनी)*
धागा वर काढतेय, रागावू नका. @धुळेकर भो, तुमच्या तोंडात साखर. मोटर जळाली! मामा कपाळाला हात लावून बसले होते आणि मी मनातल्या मनात नाचत होते. मोटर रिवाइंडिंगला गेली, तेवढे दोन दिवस मिळाले. सरांनी हायड्रोफोन मिळवून दिला. घण आठ किलोचा, खाली लोखंडी पत्रा, मारायला दोन मामेभाऊ. प्रत्येक खोलीवर दहा ठोके, नोंदींची बेरीज. पाणी ५२ मीटरवर, म्हणून पहिली नोंद ५५ वर.

पहिल्या दिवशी संध्याकाळी वेळा मांडल्या. ५५ ते ११५ मीटर, साठ मीटरला फक्त ११ मिलिसेकंद. म्हणजे ५.४ किलोमीटर प्रति सेकंद! भाऊ म्हणाला, "ताई, खाली पाषाणच आहे, मशिनवाल्याने फसवलं." मी रडवेली. रात्री काकांना व्यक्तिगत संदेश टाकला. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं: "५७ मायक्रोसेकंद प्रति फूट. पोरी, हे तुझं लोखंड आहे."

अंकलेश्वर रिटर्न
केसिंगचा पाइप! सव्वीस वर्षं हा आकडा बघितलाय, ३०४.८ भागिले ५७, ५.३५. पत्रा पाइपाला खेटून ठेवला होता ना?

केळीची वही
दीड फुटावर :( ठोक्याबरोबर पाइपच वाजत होता. हात लावला तर झिणझिण्या यायच्या, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पत्रा सात मीटर लांब, केळीच्या दोन ओळींपलीकडे नेला. नोंदीत आधी पाइपाची बारीक थरथर अजून दिसते, पण मागून येणारा जाड धक्का स्पष्ट आहे. तो वाचला. तिरक्या अंतराची दुरुस्ती करून ५५ मीटरला ७१ मिलिसेकंद, ११५ मीटरला १०६. साठ मीटरला ३५. वेग १.७१.

वरच्या कोरड्या ५२ मीटरचा हिशोब केला तर तिथे सरासरी ०.७५ च्या आसपास.

अमळनेरचा मास्तर
वुड १.६७, मोजलेला १.७१. मास्तराला आज झोप चांगली लागेल.

तापीकाठचा
अभिनंदन! आता फाउस्टचा स्थिरांक बदलून टाका. २.२९ ऐवजी १.५३ घेतला तर तुमच्या वाळूला जवळपास १.७१ येतो. मग तोच स्थिरांक तालुक्यातल्या सगळ्या लॉगना लावा. झालं काम.

केळीची वही
@तापीकाठचा, मलाही हेच सुचलं होतं, सरांनीही हेच सांगितलं. पण ८५ मीटरच्या वरची चिकणमाती आहे, तिची रेझिस्टिव्हिटी ८. सोपं जावं म्हणून १०० मीटर खोलीच धरली तरी नव्या स्थिरांकाने तिला १.४७ येतो. म्हणजे पाण्यापेक्षाही मंद! आणि प्रत्यक्षात तो थर उथळ, म्हणजे आणखीच कमी. चिकणमाती-वाळू असं आलटूनपालटून आहे, पण वेळेच्या आलेखात तिथे रेघ फारशी वाकतच नाही.

अंकलेश्वर रिटर्न
वा! हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पाण्याने भरलेल्या गाळात दीडच्या खाली जायला कुठेतरी हवेचे किंवा वायूचे बुडबुडे लागतात. मग फाउस्ट इथे सोडून द्या. रेझिस्टिव्हिटीत जो फरक दिसतोय तो माती-वाळूचा आणि गोड्या पाण्याचा आहे, ताठरपणाचा नाही. गामावरून वाळू कुठे आणि माती कुठे एवढंच ठरवा, आणि दोघींना मोजलेले वेग द्या.

तापीकाठचा
थरागणिक वेग द्यायला ताईंच्या नोंदी तेवढ्या बारीक आहेत का, हाही प्रश्न आहे. पाच मीटरला तीन मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत, वाचनातली चूक अर्धा मिलिसेकंद तरी असेल.

केळीची वही
नाहीत. ९५ ते ११० या वाळूच्या पट्ट्याला ८.५ मिलिसेकंद आले, म्हणजे १.७६. पण अर्धा मिलिसेकंद इकडेतिकडे धरला तर १.६७ ते १.८८ काहीही. म्हणून प्रबंधात पाण्याखालच्या सगळ्याला एकच वेग देतेय, १.७१, आणि चुकीची मर्यादा सोबत. वाळू-माती वेगळं करायचा मोह आवरला.

प्रश्नांकित
तिसरी बाळबोध शंका. वरचा ०.७५ आणि खालचा १.७१, मग १०० मीटरपर्यंत सरासरी साधारण सव्वा धरायची?

अमळनेरचा मास्तर
अहो, जळगावहून धुळ्याला ताशी ३० ने गेलात आणि ६० ने परत आलात तर सरासरी ४५ नव्हे, ४० येते. सावकाश गेलात तेव्हा रस्त्यावर जास्त वेळ होतात. इथेही वेळा मिळवायच्या. वरच्या ५२ मीटरला ६९, खालच्या ४८ ला २८. एकूण ९७ मिलिसेकंदात १०० मीटर, म्हणजे १.०३.

प्रश्नांकित
हायवेचं काम चालू असताना ३० ने तरी कुठे जाता येत होतं हो.

साक्रीची सून
ताई, सर काय म्हणाले? फाउस्ट त्यांनीच सांगितला होता ना?

केळीची वही
कागद बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "फाउस्टचं प्रकरण वगळू नकोस. २.५७ चा आकडा आहे तसा ठेव, त्याच्या शेजारी मोजलेला लिही, आणि पाइपाचा ५.४ सुद्धा परिशिष्टात टाक." परिशिष्टाचं ऐकून भावाला फार आनंद झालाय, त्याचा पाषाण छापून येणार.

जाते आता. मोटर रिवाइंड होऊन आलीय, मामा दारात उभे आहेत. "तुझी लहर संपली असेल तर माझ्या केळीला पाणी सोडू का?" असं विचारताहेत.

धुळेकर भो
सोडू द्या, सोडू द्या. आणि ताई, पहिला प्रश्न अजून तसाच शे. पानी कितलं लागनं?